मैदानाच्या त्या टोकाला

११ जून २०२४, रेणापूर

निवड झाली नाही. पहिलंच वाक्य हे लिहून टाकते, म्हणजे वही पुढे चालेल.

बंगळूरच्या विद्यापीठाचं पत्र सकाळी आलं. चार वर्षांची पदवी, ट्रम्पेट हे मुख्य वाद्य, शिकून बाहेर पडलं की मोठ्या वाद्यवृंदात बसता येतं, शिकवता येतं. हे सगळं मी घरात इतक्यांदा सांगितलंय की अण्णांनाही पाठ झालंय. पत्रात तीन गोष्टी आहेत. आवाज भरदार आहे. हळू वाजवता येत नाही. आणि लय माझ्या पायात आहे, कानात नाही. सोबत सरावाची चार पानं जोडलीत आणि पुढच्या वर्षी पुन्हा या म्हटलंय.

पायाचं खरं आहे. तिथे खुर्चीवर बसवलं तर माझा डावा पाय आपोआप फरशीवर आपटायला लागला. परीक्षक बाई म्हणाल्या, पाय थांबव. मी पाय थांबवला आणि गाणंही थांबलं. मी बाईंकडे बघतेय, बाई माझ्याकडे बघताहेत.

पण मी शिकले तशी वाजवते. मामा किनवटच्या निवासी शाळेत कारकून होते म्हणून पाचवीत मला तिकडे घातलं, आणि सातवीत दगडोबा मास्तरांनी बँडमध्ये घेतलं. मास्तर लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेले. आम्ही वाजवायला शिकलो ते चालत चालत, उघड्या मैदानावर. मास्तर आमच्यासमोर उकिडवे बसून फक्त आमच्या पायांकडे बघायचे, मधूनच उठून मोठ्या ढोलावर पंजा ठेवायचे. "कान खोटं बोलतेत, पाय न्हाई," म्हणायचे. आणि "जोरात! मैदानाच्या त्या टोकाला गेलं पाह्यजे!" शाळेत खुर्चीवर बसून कुणी वाजवलेलं मला आठवत नाही.

दुपारी मास्तरांना फोन लावला. "मास्तर, निवड नाही झाली."

"शाब्बास!" मास्तर म्हणाले. "मी म्हणलोच होतो."

किनवटला जंगलामुळे रेंजच नसते. दोनदा सांगितलं, दोन्ही वेळेस त्यांनी अभिनंदन केलं. शेवटी रडू येईल म्हणून फोन ठेवला.

संध्याकाळी अण्णा सोयाबीनचं बियाणं बघत होते. बघता बघताच बोलले. "एक साल. तेवढं तुझं. न्हाई झालं तर नांदेडला पोलीस भरतीच्या क्लासला. त्यांच्यातबी बँड असतोय की."

मी हो म्हटलं. अण्णा वाईट बोलले नाहीत. म्हणूनच जास्त झोंबलं.

३ जुलै, लातूर

खोली मिळाली. इथल्या एका इंग्रजी शाळेला बँड शिकवणारं माणूस हवं होतं, ते काम मला मिळालं. सकाळचे दोन तास पोरांचा बँड, बाकी दिवस माझा.

मालकीण गुरम्मा काकू, मूळच्या निलंग्याच्या. कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग, आणि बोलण्यात मराठी आणि कानडी अर्धी अर्धी. ट्रम्पेटची पेटी बघून विचारलं, "ह्यात काय हाय ग अव्वा?" मी उघडून दाखवलं. काकूंनी हात जोडले. देवाला जोडतात तसे नाही, संकटाला जोडतात तसे.

या गल्लीत डावीकडे नीटवाली पोरं, उजवीकडे नीटवाली पोरं, वरच्या मजल्यावर नीटवाल्या पोरी. डॉक्टर व्हायला अख्खा महाराष्ट्र लातूरला येतो आणि मी ट्रम्पेट घेऊन त्यांच्या मधोमध येऊन बसले. मला दुसरीकडे कुणी खोली दिलीच नाही, त्याला मी काय करू?

९ जुलै

आज पहिल्यांदा खोलीत वाजवलं. पहिल्या फुंकेत वरच्या मजल्यावर काहीतरी पडलं. दुसऱ्या फुंकेला काकू दारात.

"मेल्लगे! मेल्लगे!"

कानडीत हळू असं म्हणतात, हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

नियम ठरले. संध्याकाळी पाच ते सात. खिडक्या बंद. आणि आवाज काकूंच्या स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्टीपेक्षा कमी. मी म्हटलं, काकू, हे पितळी वाद्य आहे. काकू म्हणाल्या, "माझा कुकरबी पितळीच हाय."

पितळी कुकर नसतो. पण वाद घातला नाही.

१६ ऑगस्ट

काल शाळेचा बँड छान झाला. पालकांनी टाळ्या वाजवल्या. मी पोरांसमोर उलटी चालत होते, त्यांच्या पायांवर नजर ठेवून, अगदी मास्तरांसारखी. खूप बरं वाटलं.

खोलीत मात्र रोज मरण. दोरीवर वाकळ टांगते आणि ट्रम्पेटचं तोंड तिच्यात खुपसून वाजवते. हळू फुंकलं की सूर फाटतो, नाहीतर येतच नाही, नुसती हवा. जोरात वाजवायला ताकद लागते असं मला वाटायचं. हळू वाजवताना पोट थरथरायला लागतं, पाठीला घाम येतो. चार पानांतला पहिलाच सराव असा की एकच सूर धरायचा आणि तो ऐकू येईनासा होईपर्यंत बारीक करत न्यायचा. माझा सूर बारीक होत नाही, मरतो.

काकू फार छळतात. आज साडेपाचला म्हणाल्या, "आणखी मेल्लगे." याहून हळू म्हणजे पेटीत ठेवून देणंच.

२९ सप्टेंबर

वरच्या मजल्यावरची दिपाली खाली आली. किनवटकडचीच निघाली, इस्लापूरची. नीटचं तिसरं वर्ष. मला वाटलं भांडायला आली.

"ताई, तुमचा बाजा चालतो," म्हणाली, "पण ते धप धप काय आहे? माझी फिजिक्सची गणितं चुकून राहिली."

धप धप म्हणजे माझा पाय. दोन मजली घराच्या भिंतीतून वर जातो म्हणे. आता खाटेवर मांडी घालून वाजवते. मांडीत पाय नाही आपटता येत, पण लय हरवते ती हरवतेच. परीक्षेच्या संथ तुकड्याच्या चौथ्या ओळीपर्यंत जाते, आणि मग जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखी अवस्था होते.

चिडून मास्तरांना फोन केला. विचारलं, "मास्तर, पाय न हलवता लय कशी धरायची?"

"चांगला हाय मी," मास्तर म्हणाले. "गुडघा जरा दुखून राहिला."

ते टाळतात असं मला वाटायला लागलंय. मी त्यांची पद्धत सोडतेय, हे त्यांना आवडलेलं नसणार.

१८ नोव्हेंबर

आज चौथी ओळ ओलांडली. मांडीत. पायाशिवाय. लय पोटात कुठेतरी होती. पाचव्या ओळीला पुन्हा गेली, पण चौथी ओलांडली.

काकूंना सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "काल का वाजवलं न्हाईस?" काल मला ताप होता. तक्रार करायला यांना रोज नवीन काहीतरी लागतंच.

१२ जानेवारी २०२५

लिहू की नको असं झालंय, पण लिहिते.

मास्तर आले होते. लातूरला भाच्याकडे काही काम होतं, तिथून पत्ता शोधत आले. पांढरा सदरा, मिशा तशाच पीळ दिलेल्या. सात महिने मी याच दिवसाची वाट बघत होते. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, खाटेवर मांडी घातली आणि परीक्षेचा संथ तुकडा वाजवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकदाही न थांबता. इतका चांगला मी तो कधीच वाजवला नव्हता. शेवटचा सूर कधी विरून गेला ते मलाही कळलं नाही.

मास्तर माझ्या बोटांकडे बघत होते. संपल्यावर म्हणाले, "हां. आता वाजव."

मी म्हटलं, "वाजवलं की, मास्तर."

"मला दिसून राहिलं, तू नुसती बोटं हलवून राहिली. फुंक की! भिऊन राहिली का?"

मला कुणी तोंडात मारली असती तर इतकं लागलं नसतं. सात महिन्यांचं काम, आणि माझे मास्तर म्हणतात, नुसती बोटं हलवतेस. हे वाजवणंच नाही असं त्यांना म्हणायचंय, हे मी समजले. मी ट्रम्पेट पेटीत ठेवलं. पुन्हा वाजवलं नाही.

काकूंनी चहा आणला. मास्तरांच्या समोर बसून, त्यांच्या तोंडाकडे बघत, केवढ्या मोठ्यानं बोलत होत्या. "साखर! किती! घालू!" मला लाज वाटली. पाहुण्याशी असं ओरडून बोलतात का? पण मास्तरांना त्याचं काही वाटलं नाही, उलट काकूंशीच दिलखुलास बोलत बसले. माझ्याशी मात्र नाही.

जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी खाली बघत राहिले.

काकू दारातून म्हणाल्या, "लई चांगला माणूस हाय ग." मी पेटी खाटेखाली सरकवली.

१५ जानेवारी

मास्तरांचा फोन आला, उचलला नाही. बंगळूरला हळू वाजवणारी माणसं हवीत, किनवटला जोरात वाजवणारी. दोन्हीकडे एकदम जाता येत नाही. मी बंगळूरला जाणार.

२२ जानेवारी

सकाळी शाळेत सव्वीस जानेवारीची तालीम होती. मला चार दिवसांपासून सर्दी आहे, आज दोन्ही कान गच्च बंद. सगळं पाण्याखालून आल्यासारखं. चाळीस पोरं समोर वाजवताहेत आणि मला ढोल सोडून काही ऐकू येईना. ढोलसुद्धा कानाला नाही, छातीला कळत होता.

मी काय केलं? पोरांसमोर उकिडवी बसले. ऐकू येत नाही तर निदान पाय बघू, म्हणून. पाय बरोबर पडत होते, म्हणजे लय बरोबर असणार. सूर येत नव्हता म्हणून मी ओरडले, "जोरात! मैदानाच्या त्या टोकाला गेलं पाहिजे!"

आणि तिथेच थांबले.

माझ्या तोंडून मास्तर बोलले होते. शब्दाला शब्द. उकिडवं बसणंही तेच.

शिट्टी मारून पोरांना पाणी प्यायला पाठवलं आणि मैदानात एकटीच बसून राहिले. किनवटची रेंज. "शाब्बास, मी म्हणलोच होतो." "गुडघा जरा दुखून राहिला." तालमीत मोठ्या ढोलावर ठेवलेला त्यांचा पंजा. "मला दिसून राहिलं." ते दिसून राहिलं म्हणाले होते. ऐकू येतंय असं म्हणालेच नव्हते. काकूंना पाच मिनिटांत जे कळलं ते मला सहा वर्षं बँडमध्ये राहून कळलं नाही.

मास्तरांना ऐकू येत नाही. मी सातवीत होते तेव्हाही येत नसणार. आमची अख्खी शाळा जोरात वाजवायची, कारण मास्तरांपर्यंत पोचायला तेवढं जोरात लागायचं. आणि माझ्या पायात लय भरली, कारण त्यांना तीच एक दिसत होती.

माझे दोन्ही दोष त्यांच्या कानांचे आहेत. राग यायला हवा होता. आला नाही. ज्या माणसाला सूर ऐकू येत नव्हते त्यानं मला भरदार सूर दिला, हे पत्रातही लिहिलंय. त्यांनी ते कसं केलं असेल?

२३ जानेवारी

फोन केला. यावेळी ओरडून. "मास्तर! त्या दिवशी! माझं! चुकलं!"

"अगं, येवढं ओरडून कशाला राहिली?" मास्तर म्हणाले. "मी काय बहिरा हाय?"

मी म्हटलं, "न्हाई मास्तर."

त्यांना सांगायचं नाही असं ठरवलंय.

१६ मार्च

शंका येतात. आपल्याकडे असे वाद्यवृंद किती? चार वर्षं शिकून जागा मिळाली नाही तर? नांदेडच्या क्लासची जाहिरात अण्णांनी घडी करून घरी देवळीत ठेवलीय. मी धावण्यात बरी आहे, भरतीत होऊनही जाईन. रात्री नाही, भर दुपारी असले विचार येतात, खोली तापल्यावर.

मग पाच वाजतात आणि मी मांडी घालते. सोळा मोजेपर्यंत सूर बारीक करता येतो. आता वाकळ टांगत नाही, तिची गरज उरली नाही. आज खिडकी लावायला गेले तर काकू अंगणात खाट टाकून बसलेल्या. म्हणाल्या, "राहू दे उघडी. उकडतंय." खिडकी माझ्या खोलीची, उकाडा काकूंना अंगणात.

५ मे

काल नीट झाली. आज गल्ली रिकामी. पेट्या, गाद्या, बादल्या घेऊन सगळे गेले. दिपाली जाताना म्हणाली, "ताई, पेपरात तुमचं गाणं डोक्यात चालू होतं. वाईट नाही गेला." मग म्हणाली, "आता वाजवा मोकळेपणानं."

वाजवलं. दहा महिने दाबून ठेवलेला सगळा श्वास सोडला. भिंती हादरल्या. आणि काकू आल्याच.

"काय झालं तुला? त्ये रोजचं कुठं गेलं?"

"काकू, आता कुणी नाही. आता चालतं."

"मी हाय की!" काकू म्हणाल्या. "मला त्येच पाह्यजे. मेल्लगे."

मी पुन्हा खाटेवर मांडी घातली. मग रोजचं वाजवलं. काकू उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होत्या, पण हात थांबलेला होता.

२४ मे, बंगळूर

लातूर रोडला गाडीत बसले तेव्हा अण्णा सोबत होते. त्यांना विद्यापीठाच्या फाटकाशी बसवलं आणि आत गेले.

खोलीच्या दाराशी मी चपला काढल्या. गाण्याच्या जागी चपला घालून कोण जातं? आत गेल्यावर बघितलं, परीक्षक तिघेही बूट घालून. परत जाऊन घालाव्यात तर आणखी वाईट दिसेल. तशीच अनवाणी खुर्चीवर बसले. त्याच बाई होत्या. त्यांची नजर आधी माझ्या पायांकडे गेली.

संथ तुकडा झाला. पाय आपटला नाही. अंगठा हलला असेल, हलो.

मग बाई म्हणाल्या, एकच सूर धर, आणि जितका हळू करता येईल तितका कर. मी डोळे मिटले. वरच्या मजल्यावर दिपालीचा पेपर आहे, अंगणात काकू आहेत, असं धरलं. वीस मोजले, बावीस मोजले, पुढे मोजणं सोडलं. सूर संपला तरी कुणी हललं नाही. थोड्या वेळानं एका परीक्षकांनी दुसऱ्यांना विचारलं, संपला का?

बाईंनी विचारलं, "इतकं हळू कुठे शिकलीस?"

मी म्हटलं, "घरमालकिणीकडे."

"आणि तो भरदार आवाज?"

"दगडोबा मास्तरांकडे." हे बोलताना माझा आवाज फाटला. वाजवताना फाटला नव्हता.

१० जून, रेणापूर

निवड झाली.

अण्णांनी पत्र उलटसुलट करून बघितलं, इंग्रजी होतं. "गणवेश देतेत का तिथं?" विचारलं. मी म्हटलं, काळे कपडे घालतात. "काळे?" म्हणाले, आणि पत्राची घडी करत, "बरं. चांगलं दिसतेत." देवळीतली जाहिरात त्यांनी चुलीत घातली.

काकूंना फोन केला तर त्या रडायला लागल्या. "आता ती खोली मी कुणाला देऊ ग अव्वा?"

मास्तरांना फोन केला नाही. हे फोनवर होणार नाही.

१४ जून, किनवट

शाळा अजून उघडलेली नाही. शाळेतूनही निवृत्त झाले तरी मास्तर शाळेच्या कडेच्या खोलीतच राहतात. झेंड्याच्या कट्ट्यावर बसले होते. मी पाया पडले आणि म्हटलं, "मास्तर, निवड झाली."

त्यांचा चेहरा पडला. "पुन्हा न्हाई घेतलं? जाऊ दे. त्यायलाच कळत न्हाई."

मी हीच वही काढली. कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं: निवड झाली. मास्तरांनी वही लांब धरून वाचलं. परत वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मी हे लिहून का दाखवतेय, ते त्यांना कळलं, आणि मला कळलंय हेही कळलं. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली.

"अक्षर सुधार," म्हणाले. डोळे मात्र पुसले.

मी ट्रम्पेट घेतलं आणि मैदानाच्या त्या टोकाला गेले, पार कुंपणापर्यंत. मास्तरांनीच रचलेली शाळेची संचलनाची धून. चपला काढल्या, कदमताल धरला. डावा, उजवा, डावा. आणि वर्षभर जे करायचं नाही म्हणून शिकले ते सगळं केलं. पाय आपटले, छाती फुटेल इतकं जोरात वाजवलं, आणि वाजवत वाजवत मैदान ओलांडून त्यांच्याकडे चालत आले. पलीकडच्या सागावरचे पक्षी उडाले. मास्तर आधी पायांकडे बघत होते. मी अर्ध्या मैदानात आले तेव्हा त्यांनी मान वर केली आणि डोळे मिटले. त्यांना डोळे मिटताना मी पहिल्यांदाच बघितलं.

धून संपली. मी त्यांच्यासमोर सावधानमध्ये उभी.

"चौथ्या वळीत डावा पाय उशिरा पडला," मास्तर म्हणाले.

"हाव मास्तर," मी म्हटलं, आणि पुन्हा त्या टोकाला गेले.